समोरच्या खोलीतले नाना

यंदा पोंक लवकर आला. डिसेंबर धड सुरूही झाला नव्हता, तोच तापीकाठच्या मांडवांतून धूर दिसायला लागला आणि घरी येताना रिक्षाच्या उघड्या बाजूनं तो वास आत शिरला. निखाऱ्यांत भाजलेल्या कोवळ्या ज्वारीचा वास, जरा गोड, जरा करपलेला. आपल्याकडे ज्याला हुरडा म्हणतात तोच हा, पण सुरतेत जन्मलेली माझी मुलगी हुरडा म्हटलं की माझ्याकडे नुसती बघत राहते, पोंक म्हटलं की उडी मारते. रिक्षावाल्यानं मान वळवून विचारलं, "बेन, ऊभी राखुं?" मी थांबवू नका म्हटलं. दोन हिवाळे झाले, मी पोंक घरी आणलेला नाही. मिलिंद, माझा नवरा, बँकेतून येताना मुलीला परस्पर खाऊ घालून आणतो आणि मला सांगत नाही. तिच्या दातांत अडकलेला हिरवा कण मला दिसतो. मीही काही बोलत नाही.

सुरतेची थंडी ती काय! सकाळी मफलर, दुपारी पंखा. पण या दोन महिन्यांत हे गाव वेगळं होतं एवढं खरं. रस्त्याच्या कडेला दोन खांबांमध्ये फेऱ्या घालून मैलभर दोरा ताणून मांजावाले त्यावर हातानं रंग चढवत असतात, गुलाबी, जांभळा, भडक पिवळा. त्यांची बोटं संक्रांत होऊन गेली तरी आठवडाभर रंगलेलीच असतात. तशी बोटं मी लहानपणापासून बघत आले. नाना, माझे वडील, पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये कलर मास्तर होते. कापडावर कुठला रंग कुठल्याशी किती मिसळला की गिऱ्हाइकानं दिलेल्या तुकड्याची शेड येईल, हे त्यांचं काम. ट्यूबलाइटखाली त्यांनी कधी शेड पास केली नाही. ओला तुकडा हातात घेऊन दारापर्यंत जायचं, उन्हात धरायचा, मान तिरकी करायची. लग्नाला गेलो तरी हीच सवय. एखाद्या मावशीच्या नव्याकोऱ्या शालूकडे बघून माझ्या कानात पुटपुटायचे, "हाऊ लाल दोन धुनामा उतरी जाई," आणि मी तोंडावर रुमाल धरायची. आई डोळे वटारायची.

शिरपूरजवळचं गाव सोडून ते इथं आले तेव्हा त्यांना गुजराती येत नव्हतं. मग इतकं आलं की शेठ लोक फोनवर त्यांना गुजरातीच समजायचे. आमच्या घरी आहिराणी, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी आणि कॉलेजात गुजराती. माझं शिक्षण या चारही भाषांमधून ठेचा खात झालं आणि त्याचा उपयोग मला पुढे झाला, कारण मी जे काम करते त्यात माणूस कुठल्या भाषेत रडतो हे बघावं लागतं.

मी समुपदेशन करते, म्हणजे लोकांशी त्यांच्या दुःखाबद्दल बोलते. सोसायटीतल्या बायका मला 'मगजनी डॉक्टर' म्हणतात. लग्नसमारंभात कुणीतरी हमखास लांब सरकून म्हणतंच, "बाई, हिच्यासमोर जपून बोला, मनातलं ओळखते." मनातलं मला काही ओळखता येत नाही. ओळखता आलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

माझी पद्धत साधी आहे. मध्ये टेबल ठेवत नाही. दोन सारख्या खुर्च्या, थोड्या तिरक्या, म्हणजे समोरच्याला माझ्याकडे बघायचं नसेल तर खिडकीकडे बघता येतं. कुणी रडायला लागलं तर मी चटकन कागदी रुमाल पुढे करत नाही. तसं केलं की 'पुरे आता' असं सांगितल्यासारखं होतं. माणूस गप्प बसला तर मीही गप्प बसते. सुरुवातीच्या काळात मला ही शांतता सोसवायची नाही. मी घाईघाईनं काहीतरी विचारायची आणि तोंडाशी आलेलं वाक्य परत आत जायचं. पुढे कळलं की माणूस गप्प असतो तेव्हा बहुतेक वेळा तो शब्द शोधत असतो, आणि त्याला फक्त वेळ हवा असतो. आणि हो, भाषा. गुजरातीतून व्यवस्थित, आवरून बोलणारी खानदेशातली बाई समोर असेल तर मी तिला म्हणते, "ताई, घरी ज्या भाषेत भांडता ना, त्या भाषेत सांगा." मग जे येतं ते खरं असतं.

नानांनी एकदा मला विचारलं होतं, "तू नेमकं काय करस वं माय?" मी समजावून सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे मानूस बोलस आनि तू ऐकस. इतलंच?"

"इतलंच."

नाना म्हणाले, "मंग भू अवघड शे."

भू म्हणजे फार. माझ्या कामाला मिळालेली ही सर्वांत मोठी शाबासकी. पण या कामाची दुसरी बाजूही सांगायला हवी. दिवसभर ऐकून घरी आलेल्या माणसाला बहिरं व्हावंसं वाटतं. कुकरची शिट्टी, मुलीची कविता, मिलिंदच्या साहेबाच्या कागाळ्या, सगळं माझ्या कानांवरून वाहून जातं. मिलिंद थट्टा करतो, "तुझ्याशी बोलायचं तर बाहेर बाकावर बसून नंबर लावावा लागेल." मी हसते. हसण्यावारी नेण्यात मी पटाईत आहे. परक्यांच्या घरातल्या कुठल्या काकांनी काय केलं हे मला वर्षानुवर्षं लक्षात राहतं आणि माझ्या चुलतबहिणीच्या ऑपरेशनची तारीख मी विसरते. आई असताना ती मला वेळेवर आठवण करून द्यायची. 'फोन कर तिला,' एवढंच म्हणायची, आणि मी करायची.

आई गेली ती दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधी. चार दिवस दवाखान्यात होती, पाचव्या दिवशी पहाटे गेली. तेव्हा जवळ नाना एकटे होते. मी आदल्या संध्याकाळी मुलीची परीक्षा म्हणून घरी आले होते. मी पोचले तेव्हा नाना बाहेरच्या जिन्यावर बसले होते, आईच्या चपला हातात घेऊन. त्या पहाटे काय झालं, आई काही बोलली का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. शोकात असलेल्या माणसाला खोदून विचारू नये, तो आपणहून बोलेपर्यंत वाट बघावी, हे मला पाठ होतं. मी वाट बघत राहिले.

मग पोंकाचे दिवस आले. तोच तो हिवाळा, ज्याच्याबद्दल मी हे सगळं लिहिते आहे.

नाना उधन्याच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहायचे. आमच्याकडे या म्हटलं तर म्हणायचे, "तठे मनं मन नही लागत." पण दर रविवारी सकाळी बस बदलून आमच्याकडे यायचे, आणि येताना नदीकाठून पोंक घेऊन. तिथल्या मांडवात ते मुद्दाम उभे राहायचे. माणसं भाजलेली कणसं कापडात गुंडाळून काठीनं बडवतात, मग ते कापड उघडलं की आत मऊ हिरवे दाणे आणि वर वाफ. नाना त्या हिरव्या रंगाकडे असे बघत की विकणारा बावचळून जायचा. "असा हिरवा मिलमा कधी उतरना नही," असं मला दर रविवारी सांगायचे, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं. मग लिंबू-मिऱ्याची शेव, साखरेचे दाणे, सगळ्याच्या वेगवेगळ्या पुड्या, आणि मुलीसाठी पोंकवडे. आई असताना हे सगळं ती वाटून द्यायची. आता नाना स्वतः वाट्या मांडायचे आणि एक वाटी जास्त व्हायची. ती ते हळूच उचलून परत फडताळात ठेवायचे.

जानेवारीतला पहिला किंवा दुसरा रविवार असेल. मिलिंद मुलीला घेऊन पतंगाचं सामान आणायला गेला होता. आम्ही दोघं गॅलरीत बसलो होतो. खाली पोरं आत्तापासूनच कापाकापीला लागली होती, 'काय पो छे!' अशी आरोळी मधूनच उठायची. नाना कितीतरी वेळ नुसते दाणे चघळत होते. मग वाटी खाली ठेवून म्हणाले, "वैशू, तुनी माय गई ना, त्या दिनले मी..."

आणि थांबले. शब्द शोधत होते.

मला कळलं काय येतंय ते. म्हणजे ते काय सांगणार ते नाही, पण जे येतंय ते मोठं आहे हे कळलं. असा थांबलेला माणूस मी रोज बघते. आणि त्या क्षणी माझ्या आतून मुलगी उठून गेली आणि तिच्या जागी ती दुसरी, कामावरची बाई येऊन बसली. आमच्या कामात एक नियम आहे, पहिल्या वर्षापासून डोक्यात भरवलेला. घरच्या माणसाला समोर बसवायचं नाही. जिथं रक्ताचं नातं आहे तिथं नीट ऐकता येत नाही, मध्ये आपलेच हिशेब येतात, आणि त्या माणसाचं नुकसान होतं. नियम बरोबर आहे. मी तो माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना आजही शिकवते.

मी म्हटलं, "नाना, थांबा. मी तुमची मुलगी आहे. तुमच्या मनात जे साठलंय ते मोकळं व्हायला हवं, पण ते ऐकायला मी योग्य व्यक्ती नाही. हेतलबेन आहेत ना, माझ्या समोरच्या खोलीत बसतात, त्यांच्याशी बोला. त्या फार चांगल्या आहेत."

शब्द न् शब्द असाच बोलले. ते आहिराणीत बोलत होते आणि मी त्यांना उत्तर दिलं ते पुस्तकातल्या मराठीत. 'योग्य व्यक्ती' म्हटलं मी बापाला.

नानांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. मिलमध्ये मोठा साहेब काही सांगायचा तेव्हा ते असे बघत असावेत. म्हणाले, "बरं माय. तू म्हनस तं जासू."

पुन्हा खालून आरोळी उठली. कुणाचा तरी पतंग गेला होता. नाना तिकडे बघत म्हणाले, "कटना बिचारा." मग आम्ही दुसरं काहीतरी बोललो.

नाना दोन गुरुवार हेतलबेनकडे गेले. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले, सरकारी कचेरीत काम असल्यासारखे. मी त्या वेळी मुद्दाम माझ्या खोलीत राहिले, समोरासमोर गाठ पडू नये म्हणून. तेही नियमातच बसतं. आपण पाठवलेल्या माणसाला 'काय बोललात?' असं विचारायचं नाही, हेही नियमात बसतं, म्हणून मी विचारलं नाही. याचा मला तेव्हा थोडा अभिमानसुद्धा वाटला होता, कबूल करते. पुढच्या रविवारी नाना आपणहून म्हणाले, "बाई चांगली शे. पानी पाजस. ती गुजराथी बोलस, मी बी गुजराथीमाच बोलनू." मी म्हटलं, छान. माझ्या लक्षातच आलं नाही. लोकांना त्यांच्या भाषेत बोला म्हणून सांगणाऱ्या मी माझ्या बापाला, त्याच्या बायकोचं मरण सांगायला, शेठ लोकांच्या भाषेत पाठवलं होतं.

त्यानंतर ते गेले नाहीत. "आते बरं वाटस," म्हणाले. रविवारी येत राहिले, पोंक संपेपर्यंत पोंक आणत राहिले, मुलीला मांजाचे रंग ओळखायला शिकवत राहिले. मला वाटलं, चला, काम झालं.

पावसाळा सरताना नाना गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. शेजारच्या काकूंनी फोन केला. लोक म्हणाले, भाग्यवान, कुणाला त्रास दिला नाही. त्रास द्यायला आले होते की एकदा, मीच परत पाठवलं, हे मी कुणाला सांगितलं नाही.

आमच्या कामाच्या जागी मध्ये एक लहान दालन आहे. तिथं एक लाकडी बाक, एक टेबल आणि टेबलामागे मनीषा. मनीषा लिंबायतहून येते, नवरा पॉवरलूमवर कामाला, आणि तीही आमच्याकडचीच, धुळ्याची. नंबर लिहिणं, फोन घेणं, चावी सांभाळणं तिच्याकडे. दालनाच्या एका बाजूला माझी खोली, दुसऱ्या बाजूला हेतलबेनची. दोन्ही दारं समोरासमोर. नाना गेल्यावर मी कामावर परतले आणि पहिल्याच दिवशी ते समोरचं दार बघून मी दालनातच उभी राहिले. त्या खोलीत एक कपाट आहे. त्या कपाटात, इतर सगळ्यांच्या कागदांबरोबर, माझ्या वडिलांचे दोन कागद आहेत. 'त्या दिनले मी...' याच्या पुढचं वाक्य कदाचित त्या कागदांवर आहे, हेतलबेनच्या गोल गोल गुजराती अक्षरांत.

हेतलबेन माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. मला या कामात त्यांनीच आणलं. रोज दुपारी आम्ही एकत्र डबा खातो. त्यांचं थेपलं मी खाते, माझी कळण्याची भाकरी त्या खातात. नानांनंतरही खात राहिलो. पण त्या माझ्याकडे बघताना कधीकधी पटकन डब्यात बघतात. मला कळतं. एखाद्याचं गुपित आपल्याकडे असताना त्याच्याच माणसासमोर जेवणं किती अवघड असतं, हे मला चांगलं ठाऊक आहे.

गेल्या वर्षी, असेच पोंकाचे दिवस. हेतलबेन मुलाच्या लग्नासाठी सुट्टीवर होत्या. मनीषा झेरॉक्स काढायला खाली गेली होती. मी तिच्या खणातून चावी घेतली आणि समोरच्या खोलीत गेले. कपाटासमोर उभी राहिले. चावी कुलपात घातली. मग मला वाटलं, नाना या खुर्चीत बसले असतील. त्यांनी त्या बाईंना जे सांगितलं ते या भरवशावर की ते दाराबाहेर जाणार नाही. माझ्यापर्यंतसुद्धा नाही. कोण जाणे, माझ्यापर्यंत तर नाहीच नाही. मी चावी काढून परत खणात ठेवली. त्या दिवशी मी तीन माणसांचं ऐकलं, आणि तिघांतलं काहीसुद्धा मला आठवत नाही. असं या पंधरा वर्षांत फक्त तेव्हाच झालं.

यंदा मात्र मी विचारलं.

परवाच्या गुरुवारी. हेतलबेनच्या खोलीत डबे उघडले होते. हेतलबेननी पोंकाची पुडी आणली होती, बिचाऱ्यांना काय माहीत. त्यांनी पुडी सोडली, तो वास आला आणि माझ्या तोंडून निघालं, "हेतलबेन, नाना काय बोलले होते?"

त्यांनी घास खाली ठेवला. खिडकीतून खालचा रस्ता ऐकू येत होता, एक टेम्पो मागे येताना वाजणारं ते बारीक गाणं. मग त्या म्हणाल्या, "वैशाली, तुं मारी जग्याए होय तो?"

त्यांच्या जागी मी असते तर? मला उत्तर द्यायला क्षणही लागला नाही. "नसतं सांगितलं," मी म्हटलं.

"माणूस गेला तरी?"

"गेला तरी."

त्यांनी मान हलवली. आणि त्यांचे डोळे भरून आले. ते बघितलं आणि मला कळलं की काहीतरी होतं. नाना तिथं बसून नुसते हवापाण्याच्या गप्पा मारून आले नव्हते. इतके दिवस मी मनाची समजूत घालत होते की असेल काहीतरी किरकोळ, दवाखान्याचं बिल, आईच्या बांगड्या, असलं काही. ती समजूत त्या भरलेल्या डोळ्यांनी संपवली. हेतलबेन म्हणाल्या, "मला माफ कर." मी म्हटलं, "तुमचं काय चुकलं? पाठवलं मीच." आणि उठून बाहेर आले.

बाहेर मनीषा टेबलामागे उभीच होती. दुपारी बाक रिकामा असतो. तिनं माझा चेहरा पाहिला, हेतलबेनच्या दाराकडे पाहिलं, आणि म्हणाली, "मॅडम, दोन मिनिटं बसा ना."

मी बसले. ती बसली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "तुमचे नाना तिसऱ्या गुरुवारीपण आले होते."

"तिसऱ्या? ते दोनदाच गेले हेतलबेनकडे."

"हेतलबेनकडे नाही आले. माझ्याकडे आले. म्हणे, 'आज त्या खोलीमा मना नंबर लिख.' आणि तुमच्या दाराकडे बोट केलं."

ती सांगत गेली, मराठीत सुरू केलेलं हळूहळू आहिराणीत उतरत गेलं. "मी म्हटलं, नाना, मॅडम घरच्या माणसांना घेत नाहीत. तर हसले. म्हणे, 'तं मंग दुसरं नाव लिख. मी मझार जाईसन खुर्चीमा बठनू, मंग ती काय माले उठाडी दी का?' माले वाटनं, थट्टा करी रायनात. मी बी हसनू. नही लिखं नाव. मंग नाना आठेच बठनात, या बाकवर."

"किती वाजता?"

"चार वाजता. मॅडम, त्या दिवशी तुमची चारची बाई आली नव्हती. तुम्ही आत एकट्याच होतात."

मला तो तास आठवला. संक्रांतीनंतरचा गुरुवार. चारची बाई आली नाही म्हणून मला बरं वाटलं होतं. मी चपला काढून पाय खुर्चीवर घेतले होते आणि समोरच्या तारेत अडकलेला एक निळा पतंग वाऱ्यानं सुटतो का, ते बघत बसले होते. तासभर मला कुणीही नको होतं.

"मी दोनदा उठले दार वाजवायला," मनीषा म्हणाली. "पन तुम्हीच सांगेल व्हतं ना, दार बंद शे तं वाजाडानं नही, मझार कोनी असो का नसो." खरं होतं. ती कामाला लागली त्या पहिल्या दिवशी आत कुणी असो-नसो, बंद दार वाजवायचं नाही, हे मीच तिला बजावलं होतं. एक माणूस जाऊन दुसरा येईपर्यंत मला माझी शांतता लागते, म्हणून.

"मग?"

"पाचवाली आली. तिला जागा दिली नि नाना उठले. म्हणे, 'तिले सांगू नको बरं का, हकनाक जीवले लाई ली.' म्हणून मी नाही सांगितलं. आजपर्यंत." आणि मग तिचा बांध फुटला. दोन वर्षं या पोरीनं हे एकटीनं सांभाळलं होतं, रोज मला पाण्याचा ग्लास आणून देताना. ओढणीत तोंड खुपसून ती म्हणाली, "मनं चुकनं का मॅडम?"

"नाही गं. तुला जे सांगितलं होतं तेच तू केलंस."

"मंग कोनं चुकनं?"

हा प्रश्न मला खोलीत कितीदा तरी विचारला गेला आहे. ज्याच्या बायकोनं जाळून घेतलं अशा माणसानं विचारलाय, मुलगा गमावलेल्या आईनं विचारलाय. त्याचं उत्तर मी कधी देत नाही. 'तुम्हाला काय वाटतं?' म्हणून तो परत त्यांच्याच ओंजळीत ठेवते. तसं शिकलेय मी.

"मनं चुकनं," मी म्हटलं.

आणि त्या बाकावर बसूनच मोठ्यानं रडले, आत हेतलबेनना ऐकू जात असतानाही.